दालनात माणूस हवा

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, एक नवीन पद भरलं गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेच्या मदतीने तिथे प्राणी-पक्ष्यांचं दालन नुकतंच उभं राहिलं होतं. पदाचं नाव गाईड लेक्चरर, पगार महिना ३५० रुपये. दालन बघायला येणाऱ्यांना समोरच्या प्राण्यांविषयी समजावून सांगायचं, असं ते काम. त्यावर नेमलेल्या, तिशीला टेकलेल्या तरुणाचं नाव सालिम अली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन बर्लिनच्या संग्रहालयात पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तेव्हा त्यांचं पदच रद्द झालं होतं. कारण देण्यात आलं ते पैसे नसल्याचं.

पुढची हकिगत पक्षीप्रेमी मराठी वाचकाला माहीत असते. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले, तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, आणि त्यातून एक मोठा शास्त्रज्ञ घडला. आपण ही गोष्ट त्यांच्या आयुष्यातला खडतर काळ म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण मागे राहिलेल्या त्या दालनाचं काय? तिथे दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाने ‘हे काय आहे?’ असं विचारलं असेल, तेव्हा उत्तर द्यायला कोण होतं? मला या दालनाची बाजू मांडायची आहे. माझं म्हणणं सरळ आहे. निसर्गाचं संग्रहालय मुलांसाठी करायचं असेल, तर पहिला पैसा तिथे उभं राहून बोलणाऱ्या जाणकार माणसाच्या पगारावर खर्च व्हायला हवा. पडदे, दिवे, टच स्क्रीन आणि प्रवेशद्वारावरची कमान यांचा नंबर त्याच्यानंतर.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात. नाशिकहून, पुण्याहून, पालघरहून पहाटे एसटी किंवा खासगी बस सुटते. मुंबईत एका दिवसात गेटवे, म्युझियम, तारांगण, राणीची बाग आणि जमलं तर चौपाटी उरकायची असते. त्यात प्राणी-पक्ष्यांच्या दालनाच्या वाट्याला येतो अर्धा तास, तोही जेवणाच्या डब्यांची वेळ सांभाळून. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने पुढे सरकतात. बाईंचं सगळं लक्ष डोकी मोजण्यात असतं, आणि ते तसंच असायला हवं, कारण पन्नास परकी लेकरं परक्या शहरात त्यांच्या जबाबदारीवर आहेत. ‘काचेला हात लावू नका’, ‘मागे राहू नका’, ‘चला, चला’. काही शाळांत वहीत पाट्या उतरवून घ्यायला सांगतात. मग मुलं मान खाली घालून ‘धनेश’, ‘गवा’, ‘खवल्या मांजर’ अशी नावं लिहीत जातात. वही भरते. गव्याकडे मान वर करून बघायला त्यांना वेळ उरत नाही.

यात शिक्षकांना दोष देणं मला पटत नाही. प्राथमिक शाळेतल्या बाईंना एकाच दालनातल्या शेकडो प्राण्यांची खडान्खडा माहिती असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. आईबापांनाही ती नसते. सुट्टीत मुलांना घेऊन आलेले आईवडील काय करतात ते बघा. ते पाटी मोठ्याने वाचून दाखवतात, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. मूल प्रश्न विचारतं, आई पुन्हा पाटीकडे बघते, पाटीवर उत्तर नसतं, आणि दोघं पुढच्या काचेकडे जातात. मुलाची उत्सुकता काही कमी पडलेली नसते. तिला धरून ठेवणारं तिथे कुणी नसतं, एवढंच.

मुंबईच्या त्या दालनात धनेशाचा, म्हणजे हॉर्नबिलचा, देखावा आहे. तिथे एक जाणता माणूस दहा मिनिटं उभा राहिला तर काय होईल, याची कल्पना करून बघू. तो सांगेल की धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा गर यांनी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी उरते. त्यानंतर कित्येक आठवडे ती बाहेर येत नाही. आत असतानाच तिची उडण्याची पिसं झडतात आणि नवी येतात. या सगळ्या काळात नर उंबर, वडाची फळं आणून त्या फटीतून तिला भरवत राहतो. हे ऐकल्यावर कोणत्याही वर्गातून एक प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्या मुलाला मित्र हसतात: मग ती आत शी कुठे करते? सहलीत असा प्रश्न विचारला की दटावलं जातं. जाणता माणूस मात्र खूश होतो, कारण प्रश्न अगदी नेमका आहे. मादी फटीकडे पाठ करून विष्ठा जोराने बाहेर टाकते, पिल्लंही पुढे तेच शिकतात, आणि म्हणूनच ढोली स्वच्छ राहते. झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या त्या विष्ठेवरून आणि त्यातल्या बियांवरून अभ्यासकांना घरटं सापडतं. मग दुसरी मुलगी हळूच विचारते: त्या नराला कुणी मारलं तर? तर आतली मादी आणि पिल्लं उपाशी मरण्याचा धोका असतो. इथे वर्ग गप्प होतो. शिकारीबद्दलचा, जंगलातलं मोठं जुनं झाड तोडण्याबद्दलचा कोणताही धडा पाठ्यपुस्तकातून इतका आत उतरणार नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक धनेश राहत होता. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज धनेशच आहे आणि तिच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाऊस. ही गोष्ट ऐकलेलं मूल त्या इमारतीवरून जाताना मान वळवून बघेल. पण ती त्याला सांगायला हवी कुणीतरी.

‘सांगायला कुणीतरी’ हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. आपल्या शहरात एकदा हे घडलं आहे आणि त्याचा परिणाम काय झाला ते जगाला माहीत आहे. १९०८ साली अकरा-बारा वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. घरात कुणाला तिचं नाव सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला सोसायटीकडे पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं ओळखून दिलं. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकं दिली. मिलार्ड हे व्यवसायाने दारूच्या व्यापारी पेढीत काम करणारे गृहस्थ, पण त्या दुपारी ते त्या मुलासमोर हजर होते. पुढे सालिम अली स्वतःच गाईड लेक्चरर झाले, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. ज्याला कुणीतरी उघडून दाखवलं, तोच दुसऱ्यांना दाखवायला उभा राहतो.

सोसायटीचा जन्मही असाच झाला होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. सहा इंग्रज आणि दोन मराठी डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे अभ्यासक आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ठरलं ते इतकंच: दर महिन्याला भेटायचं, आपापली निरीक्षणं सांगायची, सापडलेले नमुने एकमेकांना दाखवायचे. एका मोठ्या संस्थेची ही सुरुवात आहे. इमारत नव्हती, निधी नव्हता. हातात वस्तू आणि भोवती ऐकणारी माणसं होती. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने अलीकडच्या काळात नेमकी हीच सोय परत उभी केली. लोकांनी घरून आणलेला दगड, किडा, जीवाश्म बघून तो कशाचा आहे ते सांगणारे तज्ज्ञ तिथे मिळू लागले. १८८३ मध्ये मुंबईला जे सुचलं होतं, ते आज महाराष्ट्रातल्या मुलाला हक्काने मिळायला हवं.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाइलचा. धनेशाची ढोली, नराने फळं भरवणं हे सगळं यूट्यूबवर हलताना दिसतं, मग काचेमागचं मेलेलं पाखरू बघायला मुंबईपर्यंत कशाला जायचं? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला ‘अनुभव वेगळा असतो’ असं गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही. खरं उत्तर असं की संग्रहालयातली वस्तू पुरावा असते. तिच्यात अशा गोष्टी साठलेल्या असतात, ज्या ती गोळा करणाऱ्यालाही माहीत नव्हत्या. चित्रफितीत तेवढंच असतं, जेवढं कॅमेऱ्याने टिपलं. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे आणि ते प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रानपिंगळा हे एक लहानसं घुबड. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढच्या अकरा वर्षांत मोजके नमुने मिळाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केले होते. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. तो संपलाच असं मानलं जाऊ लागलं. एकच नोंद त्याच्या नंतरची होती: रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला नमुना, पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव. साहजिकच शोध घेणारे त्या बाजूला गेले आणि हात हलवत परत आले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ लंडनच्या संग्रहालयातले हे जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागनच्या पिंगळ्याकडे बघताना त्यांना शंका आली. कातडं उसवून पुन्हा भरलेलं दिसत होतं, आणि आत राहून गेलेल्या जुन्या भरणीच्या खुणा डेव्हिडसनच्या हातच्या कामाशी जुळत होत्या. म्हणजे या गृहस्थांनी संग्रहालयातलाच डेव्हिडसनचा नमुना चोरला, पुन्हा भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली. १९१४ ची नोंद बाद झाली, मांडवी बाद झाली. मग रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की खऱ्या चिठ्ठ्यांवर जी गावं आहेत तिकडेच शोधायचं. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

या गोष्टीत गुप्तहेरकथेचा सगळा मसाला आहे: चोरी, बनावट कागद, हाताच्या ठशासारखी टाक्यांची धाटणी, आणि शेवटी जिवंत सापडलेला हरवलेला. दहा वर्षांच्या मुलाला ही सांगून बघा. त्यानंतर तो पाटी वेगळ्या नजरेने वाचेल. कुणी आणला, कुठून, कधी, आणि हे खरं कशावरून, असं विचारेल. पाट्या उतरवून घ्यायच्याच असतील तर नावाऐवजी या तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. ज्या जागी पाटीवर त्या नसतील, तिथे मुलांनी विचारणा करावी. संग्रहालयालाही त्याने जाग येईल.

मागच्या खोल्यांमधले खण असेच कधी कामाला येतील सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये छंद म्हणून पक्ष्यांची अंडी जमवणाऱ्यांचे जुने संग्रह पडून होते. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुनी आणि नवी अंडी ताडून पाहिली, तेव्हा १९४७ च्या सुमारापासून कवच पातळ होत गेल्याचं दिसलं. डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाणे का कमी होत होते, हे सिद्ध करायला ती अंडी साक्षीला उभी राहिली. गोळा करणाऱ्यांच्या काळात तर डीडीटीची फवारणीच नव्हती. मुलांना दालनाची ही मागची बाजूही कधीतरी दाखवावी, अगदी एक खण उघडून का होईना.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुलांकडूनच येतो. वाघासमोर उभं राहून मूल विचारतं: याला कुणी मारलं? मोठी माणसं विषय बदलतात. बदलू नये. यातले अनेक नमुने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले आहेत, तेव्हा शिकार कायद्याने चालत होती आणि प्रतिष्ठेची समजली जात होती. सोसायटीने १९११ पासून १९२३ पर्यंत देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तीही नमुने मारून आणूनच. त्या पाहणीमुळे कोणता प्राणी कुठे आढळतो हे कळलं, हेही खरं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर चित्र बदललं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून जे केंद्र चालतं, तिथे आपल्या मरणाने गेलेल्या प्राण्यांची कातडी भरून ठेवतात. हे सगळं आठ वर्षांच्या मुलाला सांगता येतं. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं मुलांना न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात नेतात, तेव्हा तिथे १९३० मध्ये उघडलेल्या दालनात भारतातले हत्ती, गेंडे आणि वाघ उभे दिसतात. व्हर्नी आणि फॉनथॉर्प या दोघा साहेबांच्या मोहिमेने ते इथून मारून नेले. त्याच संग्रहालयाच्या दारातला थिओडोर रूझवेल्टचा घोड्यावरचा पुतळा २०२२ मध्ये हलवला गेला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणारे आदिवासी आणि आफ्रिकी पुरुष दाखवणं लोकांना खटकत होतं. मुलांचा ‘कुणी मारलं?’ हा प्रश्न आणि त्या लोकांचा प्रश्न एकाच जातीचा आहे. तो विचारू देणारं संग्रहालय मला हवं आहे.

दालनातली गोष्ट बाहेरच्या शहराला जोडून देणं, हेही पाटीला जमत नाही. म्युझियमच्या देखाव्यात रोहित पक्षी आहेत, म्हणजे आपले फ्लेमिंगो. तिथून लोकलने तासाभराच्या अंतरावर ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित तिथे उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, ऐरोलीहून बोटीने बघायलाही जाता येतं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून ३० हून अधिक रोहित मेले. त्या आठवड्यात दालनात आलेल्या मुंबईच्या मुलांच्या मनात दुसरं काय असणार होतं? अशा दिवशी त्या देखाव्यासमोर खुर्ची टाकून बसलेला एक माणूस हवा. पक्षी रात्री का उडतात, खाडीभोवतीच्या पाणथळ जागा कमी झाल्या तर ते कुठे जातील, विमानतळ आणि पाणथळ शेजारी आले तर काय होतं, हे सगळं त्याने बोलावं. नागरिकशास्त्राचा तास तिथेच झाला असता.

डायनासोरचंही तसंच. मुलांना हवा असतो तो अमेरिकेतला टी-रेक्स, कारण सिनेमात तोच दिसतो. त्यांना हे कुणी सांगत नाही की गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातल्या ‘कोटा’ नावाच्या खडकांतून निघालेला, रवींद्रनाथ टागोरांच्या नावाने ओळखला जाणारा बारापासॉरस टागोराय हा डायनासोर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सांगाडा होऊन उभा आहे. किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरची हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतं हा समज मोडला. विदर्भातल्या मातीने जगाच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती केली! हे चंद्रपूर-नागपूरच्या मुलांना शाळेत कळत नसेल तर ती आपली मोठी चूक आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. १९३० मध्येही तोच होता. मी असं म्हणत नाही की पैसा मुबलक आहे. तो कुठे जातो ते बघा, एवढंच म्हणते. संग्रहालयासाठी निधी आला की इमारतीची रंगरंगोटी होते, टच स्क्रीन येतात, उद्घाटन होतं. देणगीदाराला दगडावर नाव हवं असतं, नेत्याला फीत कापायची असते, आणि पगाराच्या पत्रकावर यातलं काहीच होत नाही. मग दोन-चार वर्षांत स्क्रीन बंद पडते, दुरुस्तीचा करार संपलेला असतो, आणि मुलं काळ्या काचेवर बोटं आपटत राहतात. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शिक्षण आणि वारसा या दोन्हींवर खर्च करायला कायद्याची मुभा आहे. हा पैसा पाच वर्षांच्या पगारांसाठी मागायला संग्रहालयांनी लाजू नये. मुंबईच्या संग्रहालयाने या दिशेने चांगलं काम केलं आहे. २०१५ पासून त्यांची बस वस्तू घेऊन गावोगाव जाते, २०१९ मध्ये त्यांनी मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडलं. असं करता येतं, याचा हा पुरावा आहे. तो इतरांना अडचणीचा वाटला तरी चालेल.

दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आपण आगीत गमावलं. १९७८ मध्ये ते सुरू झालं, एका उद्योग संघटनेच्या इमारतीतल्या मजल्यांवर चाललं, आणि २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे जळालं. देशाच्या राजधानीतल्या अशा संस्थेला चार दशकांत स्वतःची इमारत मिळू नये, यावर फार कुणी बोललं नाही. त्याच्या प्रादेशिक शाखा म्हैसूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि सवाई माधोपूरला आहेत. या यादीत महाराष्ट्रातलं एकही शहर नाही. सह्याद्री, सातपुडा, कोकण किनारा आणि विदर्भातले जीवाश्म असलेल्या राज्याने असं एक केंद्र मागितलंच पाहिजे. पण ते होईल तेव्हा होईल. भूसंपादन, निविदा आणि आराखडे यांत आजची तिसरीतली मुलगी कॉलेजला पोचेल.

तोवर आईबापांनी एवढं करावं. एका खेपेत सगळं म्युझियम बघायचा हट्ट सोडावा. मुलालाच एक प्राणी निवडू द्यावा, त्याच्यासमोर बसावं, वही-पेन्सिल द्यावी आणि चित्र काढू द्यावं. चित्र काढताना मूल पायाला किती बोटं आहेत ते मोजतं, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. उत्तर येत नसेल तर ‘शोधू’ म्हणावं आणि खरंच शोधावं. शाळांनी सहलीच्या यादीतली दोन ठिकाणं कमी करावीत आणि आधी फोन करून दालनात बोलणारा कुणी मिळेल का ते विचारावं. हा फोन पुष्कळ शाळांकडून आला तर पद निर्माण करायला संग्रहालयाला एक कारण मिळेल.

आणि जिथे संग्रहालयच नाही, तिथल्या मुलांचं काय? महाराष्ट्रातल्या जुन्या विज्ञान महाविद्यालयांत प्राणिशास्त्र विभागाची एक खोली असते. बरण्यांमध्ये साप, मासे, खेकडे, गर्भ, फळीवर कवट्या, भिंतीवर फिकट पडलेली चिठ्ठी लावलेलं एखादं घोरपडीचं कातडं. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी तिथे येतात, एरवी कुलूप. ते महाविद्यालय ज्या गावात आहे, त्या गावातल्या पाचवीच्या मुलाला ती खोली असल्याचंही माहीत नसतं. पावसाळ्यात बाथरूममध्ये वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप, निघाला की घरोघरी तो विषारी सापाचं पिल्लू म्हणून मारला जातो, आणि त्या खोलीत वाळ्याची बरणी असूनही उपयोग होत नाही. जून ते सप्टेंबर, दर शनिवारी दुपारी दोन तास ती खोली उघडावी. मुलांनी मोबाइलवरचा फोटो, सापडलेली कात, शंख, मेलेला भुंगा घेऊन यावं. एम.एस्सी. करणारा एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तिथे बसवावी आणि त्या कामाचं तिला रीतसर मानधन द्यावं, सेवाभाव म्हणून फुकट राबवू नये. याला नवी इमारत लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. विभागप्रमुखांनी एक पानाचा प्रस्ताव द्यायचा, त्यावर प्राचार्यांनी सही करायची, आणि प्रयोगशाळेच्या परिचराकडून किल्ली घ्यायची.